वरचे दहा सेंटिमीटर

धरणावरच्या पट्टीवाल्याचं काम ऐकणाऱ्याला अगदी सोपं वाटतं. भिंतीच्या आतल्या अंगाला काळे-पांढरे आकडे रंगवलेली लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. दर तासाला ब्याण्णव पायऱ्या उतरायच्या, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं, ब्याण्णव पायऱ्या चढायच्या, वहीत लिहायचं आणि कंट्रोल रूमला फोन करून सांगायचं. झालं काम. "यात काय एवढं?" असं त्याचे मेहुणे लग्नाकार्यात विचारायचे, आणि तो म्हणायचा, "या एकदा. गुडघे घेऊन या."

सत्तावीस वर्षं तो हे करत होता आणि सत्तावीस वर्षांत त्याचं कुणी वेळेवर ऐकलेलं नव्हतं. पाणी वाढतंय म्हणून सांगावं, तर वरून उत्तर यायचं, बघू. दरवाजे उचलू का विचारावं, तर मोठे साहेब मीटिंगमध्ये. साहेब मीटिंगमधून सुटेपर्यंत पाणी थांबत नाही, ही गोष्ट कुठल्या भाषेत सांगितली तर या लोकांना कळेल, ते त्याला अजून सापडलं नव्हतं. मग वैतागून त्यानं एक युक्ती काढली. पावसाळ्यात जेवढं पाणी दिसेल त्यात दहा सेंटिमीटर घालून सांगायचे. तसेही हे लोक उशीर करणारच, मग निदान दहा सेंटिमीटर आधीपासून उशीर करायला लागतील.

युक्ती लागू पडली असं त्याला वाटायचं. दरवाजे साधारण वेळेवर उचलले जाऊ लागले. पण खोड एकदा लागली की ती धरणावर ठेवून घरी येता येत नाही. दहा पाहुणे येणार असले की हा बायकोला पंधरा सांगायचा, आणि बायको न बोलता दहा जणांचं करायची. ताप शंभर असला की डॉक्टरला एकशे दोन. "अहो, तुमच्या तोंडून एकदा तरी नुसता आकडा बाहेर पडू दे," ती म्हणायची. "दर वेळी त्याच्या डोक्यावर टोपी कशाला?"

सगळ्यांत जास्त ताप झाला तो ताईला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. धरणाच्या खाली अठरा किलोमीटरवर, नदीच्या उतारावर तिची रोपवाटिका होती. नदीपासून वरपर्यंत दगडी बांधाचे आठ टप्पे, आणि टप्प्या-टप्प्यावर काळ्या पिशव्यांतली रोपं. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ती एकटी ते सांभाळत होती. दर पावसाळ्यात भावाचा फोन यायचा. "ताई, चार टप्पे रिकामे कर!" ती कंबर मोडेस्तोवर चार टप्पे रिकामे करायची, आणि पाणी दुसऱ्या टप्प्याला हात लावून परत जायचं. गेल्या वर्षी असंच झालं आणि ती आठ दिवस अंथरुणाला खिळली.

या वर्षी चौथ्या आणि पाचव्या टप्प्यावर लिंबाची साडेतीनशे कलमं होती. तिनं स्वतः बांधलेली, दोन वर्षं जपलेली. मुलगा शहरात होता आणि तो केव्हाचा मागे लागला होता की आई, पुरे आता, इकडे ये. भाऊ रविवारी भेटायला गेला तेव्हा ताईनं त्याला समोर बसवलं.

"बाळ्या, ही कलमं गेली ना, तर मी गाशा गुंडाळून पोराकडे जाणार. सरळ सांगते. पुन्हा नव्यानं उभं करायचं बळ नाही माझ्यात. तेव्हा या वर्षी मला खरा आकडा सांग. तुझी भर नको."

"अगं, मी काय खोटं सांगतो का?"

"खोटं नाही रे. जास्त."

त्यानं तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं. आणि तो शब्दाचा माणूस होता. एकदा खरं बोलायचं ठरवलं की अर्धवट कशाला, म्हणून त्यानं मनाशी ठरवून टाकलं की धरणावरही यापुढे दिसेल तेच सांगायचं. नेमकी इथेच माती खाल्ली.

गुरुवारी सकाळी आठ वाजता तो ब्याण्णव पायऱ्या उतरला. लाट वर गेली की एक आकडा, खाली आली की दुसरा, त्यातला मधला धरायचा. एकोणसाठ मीटर पन्नास. नियम असा की एकोणसाठ पन्नासला पोचलं की दरवाजे एकेक फूट उचलून पाणी हळूहळू सोडायला लागायचं. वरच्या डोंगरात पाऊस धरलेला होता. तो धापा टाकत वर आला आणि फोनवर म्हणाला, "एकोणसाठ पन्नास."

"बरं," कंट्रोल रूममधला बाबू म्हणाला आणि फोन ठेवला.

नऊ वाजले, आदेश नाही. साडेनऊ झाले, आदेश नाही. दरवाजाची मोटर चालवणारा मेकॅनिक ग्रीसचे हात पुसत दोनदा विचारून गेला, "काय हो, उचलायचे की मी चहा टाकू?" दहा वाजता पट्टीवाल्यानं फोन उचलला तो ओरडतच.

"अहो बाबू, आठला पन्नास सांगितलं! नऊला पंचावन्न सांगितलं! आदेश कुठाय?"

"कुठं पंचावन्न? आमच्याकडे आत्ता पंचेचाळीस आहे."

"मी काय सांगितलं तुम्हाला?"

"तुम्ही पंचावन्न सांगितलं," बाबू शांतपणे म्हणाला, "म्हणून आम्ही पंचेचाळीस लिहिलं."

पट्टीवाल्याला आधी कळेचना. मग बाबूनं त्याला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. तुमचे दहा आम्ही काढूनच लिहितो. आम्ही म्हणजे सगळेच. माझ्या आधीच्या बाबूनं मला खुर्ची देताना पहिली गोष्ट हीच सांगितली होती. टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी पण आहे.

"किती वर्षं?"

"मला नऊ झाली. आधीचं माहीत नाही."

पट्टीवाल्यानं कपाळावर हात मारला. म्हणजे इतकी वर्षं हा इकडून दहा घालत होता आणि ते तिकडून दहा काढत होते! दोघं मिळून बरोबर आकडा लिहीत होते, आणि हा आपल्या युक्तीवर खूश होता! ब्याण्णव पायऱ्या उतरून-चढून गुडघे झिजवले ते कशासाठी, तर टेबलावर बसलेल्या माणसानं वजाबाकी करावी म्हणून!

"बाबू, आज घातलेले नाहीत हो. आजचा आकडा खरा आहे. आईशप्पथ."

बाबू हसला. "ते तर तुम्ही रोजच म्हणता."

मग सुरू झाला छळ. बाबू म्हणाला, आकडा बदलायचा तर मोठ्या साहेबांना विचारावं लागेल. मोठे साहेब मीटिंगमध्ये. ते बाहेर आले आणि म्हणाले, शहानिशा करा, इंजिनियर मॅडमना पाठवा, त्या बघेपर्यंत दरवाज्यांना हात लावायचा नाही. मॅडम दुसऱ्या कालव्यावर होत्या, त्यांना यायला दीड तास लागला. तोवर पट्टीवाला तीन वेळा खाली जाऊन आला. अकराला बासष्ट. बाराला पंच्याऐंशी. वरचं पाणी आता एकदम यायला लागलं होतं. दर फोनला तो खरा आकडा सांगत होता आणि दर फोनला तिकडे दहा कमी लिहिले जात होते. मेकॅनिकनं चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला.

मॅडम आल्या त्या छत्री न उघडताच खाली उतरल्या. स्वतः वाकून पट्टी बघितली, हातानं शेवाळ पुसून पुन्हा बघितली. "काका, हे तर तुम्ही सांगितलं तेच आहे," त्या म्हणाल्या.

"मग मी सकाळपासून काय ओरडतोय?"

मॅडमनी तिथूनच साहेबांना फोन लावला, आणि त्यांचा आवाज चढलेला पट्टीवाल्यानं ऐकला. साडेबाराला आदेश आला. आता एकेक फुटाचा प्रश्नच उरला नव्हता. सहाही दरवाजे पाच-पाच फूट. जे पाणी सकाळपासून हळूहळू गेलं असतं, ते सगळं आता एकदम जाणार होतं. भोंगा वाजला, मोटरी घरघरल्या, आणि भिंतीखालून पाण्याचा आवाज उठला. अठरा किलोमीटर खाली पोचायला त्याला अडीच तास लागतात.

त्यानं ताईला फोन लावला. "ताई, पाचव्या टप्प्यापर्यंत येणार. पाचव्या. भर घातलेली नाही, ऐकतेस ना?"

"बरं," ताई म्हणाली. अगदी बाबूसारखं. पण ते त्याच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

दोनला पाळी संपली. बदलीच्या माणसाला वही देऊन त्यानं स्कूटर काढली आणि टेकडीवरच्या रस्त्यानं, डबकी न बघता, ती पिटाळली. पावणेतीनला तो रोपवाटिकेच्या फाटकात उभा होता आणि समोर जे दिसलं त्यानं त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खालचे तीन टप्पे स्वच्छ रिकामे. चौथ्या आणि पाचव्यावर लिंबाची साडेतीनशे कलमं, ओळीनं, जिथल्या तिथे. ताई सहाव्या टप्प्यावर बसून साडीच्या पदरानं मान पुसत होती. नदी पहिल्या टप्प्याला लागलेली होती.

"ताई! पाचवा म्हणालो ना मी! कानात काय बोळे घातलेस?"

"ऐकलं की. तू पाचवा म्हणालास म्हणजे तिसरा. तिसऱ्यापर्यंत उचललं मी, एकटीनं. माळीण नाही आलेली आज."

"अगं, पण मी शब्द दिला होता तुला! खरं सांगेन म्हणालो होतो!"

"हो," ताई म्हणाली. ती चिडलेली नव्हती, नुसती दमली होती. "आणि मला खरं मानायचंही होतं रे, बाळ्या. पण फोन ठेवला आणि आपोआप दोन काढले गेले. इतकी वर्षं काढतेय मी."

तो बाबूवर ओरडला, मॅडमवर ओरडला, आता हिच्यावर ओरडायचं, तर ओरडायला तोंड कुठं होतं? सगळ्यांना वजाबाकी शिकवली कुणी? त्याची त्यालाच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

खाली नदीचा आवाज बदलला. पहिला टप्पा दिसेनासा झाला.

ताई उठून उभी राहिली. "आता सांग. खरंच किती येणार?"

त्यानं ओठ उघडले. पाचवा म्हणावं, तर तिच्या डोक्यात तिसरा होणार. सातवा म्हणावं, तर पुन्हा तेच सुरू, आणि मरेपर्यंत तेच. त्यानं तोंड मिटलं. गुडघे कुरकुरत होते तरी तो चौथ्या टप्प्यावर उतरला, क्रेटमध्ये बसतील तेवढ्या पिशव्या भरल्या, क्रेट छातीशी धरला आणि चढायला लागला. पाचवा ओलांडला. सहाव्यावर ताईशेजारून गेला. सातव्यावर क्रेट टेकवला, आणि एक शब्द न बोलता परत खाली गेला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर खोचला आणि पलीकडचा रिकामा क्रेट उचलला.

चौथ्या टप्प्यावरच्या शेवटच्या दोन ओळी त्यांच्या डोळ्यांसमोर गेल्या. काळ्या पिशव्या आधी तरंगल्या, मग वळून नदीत गेल्या. ताईनं त्या मोजल्या नाहीत. पाचव्याची अर्धी ओळ उरली तेव्हा पाणी त्याच्या बांधाला लागलं. तो पुढचा क्रेट घेऊन चढत होता, धाप लागून थांबला आणि मागे वळून बघितलं, तर घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून ती पुढच्या पिशव्या भरत होती.