सुटला की सोडला

धप्. मग दहा-बारा सेकंद काही नाही. मग पुन्हा धप्.

करोनाचं पहिलं वर्ष, उन्हाळ्याची सुरुवात. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावात, आमच्या भाड्याच्या घरात जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझं ऑफिस होतं, दुसऱ्या टोकाला लेकीचा पसारा, आणि वरच्या खोलीत दार लावून नवऱ्याच्या मीटिंगा. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या गोड शब्दांत कळवायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का?" तेव्हा माझं टाळकंच सरकलं. चपला अडकवल्या आणि मागच्या बोळात गेले.

शेजारच्या सायकलींच्या शेडला कुणीतरी जुनी गादी टांगली होती. गादीवर चिकटपट्टीने चौकोन काढला होता आणि एक उंचापुरा तरुण वीसेक पावलांवरून त्या चौकोनात चेंडू मारत होता. मी डचमध्ये तीन कडक वाक्यं जुळवून नेली होती. मला बघताच त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "सॉरी, ब्यूरव्राउ." ब्यूरव्राउ म्हणजे शेजारीणबाई. भांडायला आलेल्या माणसाची एवढी निराशा कुणी करू नये! शेवटी असं ठरलं की मी रोज सकाळी त्याला माझ्या मीटिंगच्या वेळा पाठवायच्या, आणि तेवढ्या वेळात त्याने चेंडू टाकायचा नाही. हा आमच्यातला पहिला करार. तो त्याने एकदाही मोडला नाही.

तो मूळचा कॅरिबियनमधल्या क्युरासाव बेटावरचा, वय तेवीस. आई इथे वृद्धाश्रमात काम करायची, आणि त्या वसंतात ती तिथून काय काय बघून घरी येत होती ते विचारायची सोय नव्हती. तो स्वतः अमेरिकेत बेसबॉल खेळायचा, इथे ज्याला होंकबल म्हणतात. पण साथीमुळे तिथला लहान संघांचा हंगामच सुरू झाला नव्हता. मोठ्या संघांनी निवडक साठ जण ठेवून घेतले आणि बाकीच्यांना सांगितलं, घरी जा, दंड गरम ठेवा. म्हणून ती गादी.

"म्हणजे आपल्या क्रिकेटच्या लिलावासारखं का रे?" नवऱ्याने कुंपणावरून विचारलं. तो हसला आणि घरात जाऊन करारच घेऊन आला. दीड मीटरचं अंतर पाळून त्याने तो कुंपणावर ठेवला, मी उचलला. कागद दिसला की मला वाचल्याशिवाय राहवत नाही.

वाचत गेले तसं अंगाचा तिळपापड व्हायला लागला. सतराव्या वर्षी या पोराची सही घेतलेली. मोठ्या संघाच्या हाताखाली लहान संघांची उतरंड असते. सगळ्यात वर चाळीस नावांची यादी, त्यात आलास तर तू मोठा खेळाडू. नाहीतर सात हंगाम ते सांगतील त्या गावात, सांगतील त्या मडक्यात.

"आणि तुला ते गाव नको असेल तर?" मी विचारलं.

"तर घरी बसायचं. पण दुसऱ्या कुणाकडे खेळायचं नाही."

"आणि त्यांना तू नको असलास तर?"

"सकाळी ऑफिसात बोलावतात. संध्याकाळचं विमान."

"म्हणजे तू त्यांचा सात वर्षं, आणि ते तुझे सकाळपासून संध्याकाळपर्यंत?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वर तो मला समजावत होता की हे सगळ्यांनाच असतं, ब्यूरव्राउ, यात माझ्यावर खास अन्याय असा काही नाही.

सात हंगाम पुरे झाले की सुटका. अजिंक्यपदाचे सामने संपले की पाचव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, चाळिसांच्या यादीत ज्याचं नाव नाही तो आपोआप मोकळा होतो. याला फ्री एजंट म्हणतात. "पाचलाच का? पोस्टाची खिडकी आहे का?" मी विचारलं. त्याचा सातवा हंगाम नेमका हाच होता, आणि न खेळलेला असला तरी तो मोजला जाणार होता. म्हणजे नोव्हेंबरात तो सुटणार. पण इतर संघ बघणार गेल्या हंगामात काय केलंस ते, आणि त्या रकान्यात त्याच्याकडे दाखवायला एक गादी होती.

त्यात एक दार उघडलं. इथली स्पर्धा जुलैत थोडक्यात उरकायचं ठरलं आणि शेजारच्या गावातल्या क्लबने त्याला विचारलं. सामने रविवारी, आणि आईची सुट्टीही रविवारी. सतराव्या वर्षी घर सोडल्यापासून तिने त्याला मैदानावर चेंडू टाकताना एकदाही बघितलं नव्हतं. फक्त अमेरिकेतल्या संघाची लेखी परवानगी हवी होती. क्लबला खेळाडूंची यादी शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत द्यायची होती, त्यानंतर त्या हंगामात नवं नाव नाही. हे तो मला सोमवारी सांगत होता. संघाला त्याने दोनदा फोन केला होता, पण तिकडे निम्मी माणसं सक्तीच्या रजेवर.

"पत्र लिही," मी म्हटलं. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "थांब, मी लिहिते."

नवरा म्हणाला, "झालं. लष्कराच्या भाकऱ्या."

खरं सांगायचं तर तो राग फक्त त्याच्यासाठी नव्हता. आमचा इथे राहायचा परवाना कंपनीच्या नावावर. एप्रिलमध्ये आमच्या टीममधल्या पुण्याच्याच एकाला कंपनीने काढलं, आणि त्या दिवसापासून त्याचे तीन महिने सुरू झाले. तेवढ्यात दुसरी कंपनी शोध, नाहीतर बॅगा भर. तो रोज फोन करायचा आणि मी रोज म्हणायचे, होईल रे काहीतरी. त्यामुळे या पोराचं पत्र मी अगदी तब्येतीत लिहिलं, आणि आपण पुण्या-मुंबईच्या ऑफिसात जसं लिहितो तसंच लिहिलं. रिस्पेक्टेड सर. या उन्हाळ्यापुरतं त्याला काइंडली रिलीव्ह करावं, आणि लवकरात लवकर डू द नीडफुल. इथल्या क्लबचं नाव घातलं नाही. आपल्याकडे कुठे जॉइन होतोय हे जुन्या कंपनीला कधी सांगायचं नसतं. आधी रिलीव्हिंग लेटर हातात पडू दे, मग पेढे. ही अक्कल मला पहिल्या नोकरीत एका सीनियरने दिली होती, आणि ती मी थेट क्युरासावच्या बेसबॉलपटूला लावली.

गुरुवारी दुपारी तो कुंपणाशी आला. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते धड हसू नव्हतं. फोन पुढे धरला. उत्तर अगदी प्रेमळ होतं. तुझा निरोप मिळाला, तुला रिलीफमध्ये जायचं आहे याची नोंद घेतली, पुढच्या शिबिरात प्रशिक्षक बोलतील, काळजी घे.

"रिलीफमध्ये म्हणजे?"

बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा गोलंदाज वेगळा. तो दमला की त्याच्या जागी मधेच येणारा, तो रिलीव्हर. इतकी वर्षं सामना सुरू करणाऱ्याने लिहून दिलं होतं की मला आता मागून येणाऱ्यांत घाला. म्हणजे मी लिहून दिलं होतं! भारतातल्या एकूण एक एचआरला कळणारा शब्द तिथे भलत्याच ठिकाणी जाऊन बसला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण इथे शहाणी मी आणि मार त्याला. तीन दिवस वाया गेले होते. शुक्रवारचे सहा वाजायला एक दिवस राहिला होता.

मग माझा ताबा सुटला. सौजन्याने काही होत नाही ना, मग सरळच लिहू. क्लबचं नाव लिहिलं, सहाची वेळ लिहिली, या उन्हाळ्यात खेळायची परवानगी द्या असं लिहिलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तो करार डोळ्यांसमोर नाचत होता, ते संध्याकाळचं विमान नाचत होतं, एप्रिलमध्ये काढलेला तो पोरगा, सगळंच. मी शेवटी एक ओळ घातली. परवानगी देणार नसाल, तर त्याला करारातून मोकळं करा. या वेळी शब्द बरोबर वापरला, रिलीज.

त्याने वाचलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाला, "ही शेवटची ओळ जरा कडक नाही?"

"असंच लिहावं लागतं," मी म्हणाले. "नाहीतर हे लोक दखल घेत नाहीत."

त्याने पाठवून दिलं.

शुक्रवारी काही आलं नाही. क्लबचे सेक्रेटरी, एक रिटायर झालेले आजोबा, सायकलवरून पावणेसहाला त्याच्या दारात आले आणि सहापर्यंत उभे राहिले. फार वाईट वाटलं म्हणाले, नियम म्हणजे नियम म्हणाले, आणि सहाला यादी पाठवून सायकलवर बसून गेले. जग बंद पडलं होतं, शाळा बंद पडल्या, विमानं बंद पडली, नियम सगळे बदलले. तेवढी ती सहाची वेळ बदलत नव्हती!

सोमवारी उत्तर आलं. एक ओळ. तुझ्या विनंतीप्रमाणे तुला मोकळं करण्यात येत आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

त्याने ते मला वाचून दाखवलं, आणि वर मलाच समजावत बसला. हेही फ्री एजंटच, नाव तेच. पण मुदत संपून सुटलेल्याला इतर संघ यादीत बघतात. मधेच सोडलेल्याबद्दल पहिला प्रश्न येतो, का सोडला? सुटणं आणि सोडणं, आपल्याकडे जेमतेम दोन अक्षरांचा फरक. गायही सुटते आणि बायकोही सोडतात. अजून पाच महिने गप्प बसलो असतो तर तो सुटला असता. मी त्याला सोडायला लावलं. आता तो जगात कुठेही खेळायला मोकळा होता, आणि इथली यादी शुक्रवारी बंद झाली होती. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं.

मी टेस्टर आहे. आमच्या धंद्यातलं पहिल्या दिवसाचं शिक्षण आहे हे: प्रोग्राममध्ये "नाहीतर" लिहिलंस तर ते कधीतरी चालणार, म्हणून आधी ते तपास. इतकी वर्षं दुसऱ्यांचे "नाहीतर" तपासते आहे. स्वतःचा तपासला नाही. तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं, माझी चूक आहे म्हणून. तो म्हणाला, "बटण मी दाबलं, ब्यूरव्राउ." एवढंच बोलला आणि आत गेला. नवरा एरवी मला म्हणत असतो, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या दिवशी त्याने फक्त चहा करून ठेवला.

त्याची आई दोन दिवसांनी भेटली, कचऱ्याचे डबे बाहेर काढताना. कामाच्या कपड्यांत होती, डोळे सुजलेले. म्हणाली, "तुम्ही त्याला पत्र लिहून दिलंत. फार उपकार झाले. आम्हाला असं इंग्रजी जमत नाही." मला ओरडून सांगायचं होतं, बाई, ते इंग्रजीच तुमच्या मुळावर आलं. नाही सांगितलं. डबा ढकलला आणि घरात आले. आजही तो माझा भेकडपणा मला आठवतो.

राग मात्र गेला नाही, आणि जाऊ नये असं मला वाटतं. माझी चूक माझ्या जागी. पण सात वर्षं ज्याने सांगितलं ते केलं, त्याला परवानगीचा एक होकार द्यायला कुणाला वेळ नव्हता, आणि काढून टाकायला लगेच माणूस सापडला! परवानगी द्यायची तर कुणाला तरी विचारावं लागलं असतं. काढायला कुणालाच विचारावं लागत नव्हतं. तसंच लिहिलेलं होतं त्या करारात, आणि मी तो वाचलेला होता.

नोव्हेंबर आला. अजिंक्यपदाचे सामने संपल्यानंतरचा त्याचा तो पाचवा दिवसही आला. रविवार होता, दुपार, बाहेर झिमझिम. मागच्या दारावर टकटक झाली. हातात कागद घेऊन तो उभा होता. पार्सलच्या गोदामात नोकरी लागली होती, त्याचा करार.

"वाचून द्या."

"मी? अरे, तुझं डच माझ्यापेक्षा चांगलं आहे. आणि माझ्या वाचण्याने तुझं काय झालं ते विसरलास?"

"तुम्हीच वाचा. तेव्हासारखं, मोठ्याने."

वाचलं. कामाचे तास, सुट्ट्या, सुरक्षेचे बूट. मग नोटिशीची मुदत. एक महिना, दोन्ही बाजूंनी.

"ते परत वाचा."

"एक महिना. दोन्ही बाजूंनी."

"म्हणजे मीही म्हणू शकतो, जातो म्हणून?"

"हो."

"परवानगी लागते?"

"नाही."

"कारण?"

"कारणही नाही."

तो कागदाकडे बघत राहिला. मग खिडकीच्या कठड्यावर ठेवून सही केली, पेन मला परत दिलं, टोपी काढून थँक्यू म्हणाला आणि गेला. अमेरिकेत पाच वाजायला अजून बरेच तास होते.

मी टेबलाशी येऊन बसले. काय वाटलं कुणास ठाऊक, फोन घेतला आणि त्याला मेसेज टाकला, जून महिन्यापासून रोज टाकत होते तसाच: आज मीटिंग नाही. दोन निळ्या खुणा आल्या. त्याने वाचलं होतं.

मी अंधार पडेपर्यंत कान देऊन बसले होते. धप् आलं नाही.