वन्संचं वीस लिटर डिझेल

आमच्या वन्संनी तीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या. प्रयोग गुरुजी करायचे, उष्ट्या नळ्या वन्संच्या वाट्याला. निवृत्त झाल्यावर त्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आल्या. बरोबर एक ट्रंक, एक तराजू आणि एक लांबलचक थर्मामीटर. नणंद येणार म्हणून मी देवाचा धावा करत होते, आणि त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलं काय, तर "वहिनी, तळून उरलेलं तेल टाकून देतेस की ठेवतेस?"

मागच्या शेडमध्ये त्यांचा उद्योग सुरू झाला. तेलाचं डिझेल करायचं. आधी झाडाखालच्या कडू बिया गोळा करून घाण्यावर नेल्या. पोतंभर बियांचं तेल निघालं तांब्याभर. मग एक वर्ष खिडकीत बरण्या मांडून शेवाळं वाढवलं; शेवाळ्यातही तेल असतं म्हणे. असेल, पण आमच्या बरण्यांतून चमचाभरही निघालं नाही, डास मात्र निघाले. शेवटी त्या खानावळींच्या वापरलेल्या तेलावर आल्या आणि तिथे त्यांचा हात बसला. तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, थेंबभर काढून गुलाबी रंगाच्या औषधाने ते किती आंबलंय ते बघायचं आणि त्या मापाने कॉस्टिक सोडा मिथेनॉलमध्ये विरघळवून गरम तेलात ढवळायचं. रात्रभर ठेवलं की खाली काळं ग्लिसरीन बसतं, वर डिझेल तरंगतं. मग ते पाण्याने धुवायचं, पुन्हा वाळवायचं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्या मला उंबरा ओलांडू देत नसत. मिथेनॉल विषारी.

आमचे हे मात्र वैतागले होते. "ताई, या घरात तळलेलं कोणी खात नाही, वास मात्र तिन्ही त्रिकाळ खातो." शेजाऱ्यांचीही कुरकुर होती. शेवटी ह्यांनी सांगून टाकलं, "सोमवारी गाडी चालली तर ठीक. नाही तर शेड रिकामी करायची."

गाडी म्हणजे म्हाताऱ्या माणसांना व्यायाम-उपचाराला नेणाऱ्या संस्थेची जुनी व्हॅन. त्यांच्या सचिवांनी वन्संकडे वीस लिटर मागितलं होतं. सोमवारी दिवसभर त्यावर गाडी चालवून बघायची, पटलं तर कायमचं घ्यायचं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी वन्संच्या हातचा प्रयोग मागितला होता. त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या.

गुरुवारी त्यांनी तेल तापवून कोरडं केलं, निवल्यावर मला म्हणाल्या, "वहिनी, माझी कंबर धरलीय. एवढं कॅनमध्ये ओतून ठेवशील?"

कॅन चिकट, कळकट. देवाने हात दिलेत ते घाण तशीच ठेवायला का? मी ते साबणाने घासले, खळखळून धुतले, पालथे घालून निथळले आणि तेल भरलं. माझंच मला बरं वाटलं.

शुक्रवारी ढवळताना तेल घट्ट होत गेलं. तासाभरात भांड्यात डिझेलऐवजी खळीसारखा गिच्च लगदा. वन्संनी काठी बाहेर काढली, बोटांनी चोळून बघितलं.

"साबण झाला. पाणी होतं तेलात."

कॅनच्या तळाशी राहिलेलं पाणी! तोंड उघडणार तोच हे दारात आले. "झालं का काही?"

"बिघडलं," वन्सं म्हणाल्या. "एरवी चमचाभर तेल तव्यावर टाकून तडतडतं का बघते. आज बघितलं नाही. माझी चूक."

हे गेले. मी रडवेली होऊन म्हटलं, "वन्सं, कॅन मी धुतले होते."

"कळलं मला. आमच्या शेडमध्ये साबणाचा वास कधी येतो का?" त्या चक्क हसल्या. "तीस वर्षं मी नळ्या धुतल्या, मी तुला कुठल्या तोंडाने बोलू? पण आता मिथेनॉल एका खेपेपुरतं आहे आणि तेल थेंबभर नाही. या कमरेने दारोदार फिरणं माझ्याच्याने होणार नाही. राहू दे."

मला त्यांचं 'राहू दे' सहन होईना. मी कधी कोणाच्या दारात काही मागायला गेले नव्हते. वाटीभर साखरसुद्धा नाही. शनिवारी सकाळी देवापुढे हात जोडले आणि दोन कोरडे कॅन उचलले. कोरडे म्हणजे फडक्याने पुसून उन्हात ठेवलेले.

कोपऱ्यावरची खानावळवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू? तू तर माझ्या दारावरून नाक मुरडून जातेस!"

"आज नाक घरी ठेवून आलेय, बाई. तेल दे."

ती इतकी हसली की अख्खा डबा माझ्या कॅनमध्ये उपडा केला. वर दवाखान्याच्या कॅन्टीनवाल्याच्या नावाने चिठ्ठी दिली. ज्या शेजारीणबाई वासाची तक्रार करायच्या, त्याही म्हणाल्या, "ने गं, माझ्याही कढईतलं ने." दुपारपर्यंत पंचवीस लिटर जमलं. खांदे भरून आले होते, पण मन हलकं होतं.

तापवून झाल्यावर वन्संनी या वेळी चमचाभर तेल तव्यावर टाकलं, दोघींनी कान लावले. चूं नाही की चां नाही. मग ढवळून रात्रभर ठेवलं, रविवारी तीनदा धुतलं. तिसऱ्या धुण्याचं पाणी इतकं स्वच्छ निघालं की मला प्यावंसं वाटलं. वन्सं ओरडल्याच.

सोमवारी सकाळी गाडी गेली. दिवसभर वन्सं पायरीवर बसून. पाच वाजता व्हॅन वळली, ड्रायव्हरदादांनी मान बाहेर काढली. "ताई, धूर कमी आणि आवाजही मऊ! आजीबाई म्हणत होत्या, गाडीत झोप लागली."

त्यांच्या शेजारी बसलेल्या सचिवांनी विचारलं, "दर आठवड्याला जमेल?"

वन्सं माझ्याकडे बघू लागल्या. मी घरात कोणाला विचारलं नाही. "जमेल," म्हटलं.

थोड्या वेळाने बघते तर हे टेप घेऊन शेडची मापं घेत होते. आज तरी वाद नको, देवा.

"इथे एक फळी ठोकतो," हे म्हणाले. "कॅन खाली वाकून उचलायला नकोत. ताई, तुझ्या कमरेला किती उंच बरी पडेल?"

"माझ्या नको," वन्सं म्हणाल्या, "वहिनीच्या उंचीची ठोक. कॅन तीच भरणार आहे."