बठ्ठं निवळी जाई

भुसावळच्या फलाटावर बंगळुरूची गाडी लागली, तेव्हा मी वडिलांना, म्हणजे आबांना, विचारलं होतं, "आबा, मी जातेय ते बरोबर ना?" डोक्यात नुसता कालवा होता. आबांनी बॅग वर चढवली आणि म्हणाले, "बठ्ठं निवळी जाई, माय." सगळं निवळेल. झालं! पोरगी एवढ्या लांब निघाली आणि बापाला एवढंच बोलणं पुरलं.

इथे ऑफिसात दिवसभर 'क्लॅरिटी'चा जप चालतो. मीटिंगमध्ये क्लॅरिटी मागतात, मेलवर पाठवा म्हणतात, तीही संध्याकाळच्या आत. एकदा जेवणाच्या सुट्टीत मला चाळा लागला, याला आपला शब्द कोणता? आठवलं ते आबांचं निवळणं. मोबाइलवर शब्दकोश उघडला. मूळ म्हणे 'निर्मल', मळ नसलेलं. म्हणून आभाळ निवळतं, राग निवळतो, डोकंही निवळतं. पटलं, पण कोश लिहिणाऱ्यांनी आमचा एरंडोलचा माठ पाहिला नसावा!

पावसाळ्यात पाणी चहाच्या रंगाचं यायचं. सातपुड्याकडच्या बायका बाजारात निवळीच्या झाडाचं बी आणायच्या. आई ते सहाणेवर उगाळून माठात ढवळायची आणि बजावायची, "आते हात लावू नको." आते म्हणजे आता, निवळेपर्यंत. मी कसली ऐकते! झालं का बघायला ओगराळं बुडवायचे, की पुन्हा सगळं गढूळ. पाठीत धपाटा ठरलेला. गंमत म्हणजे तो मळ कुठे जायचाच नाही. माठातच असायचा, तळाशी बसलेला.

गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून रोज फोनवर माझं एकच टुमणं, "आबा, इकडे या राहायला. ठरलं का?" ते पावसापाण्याचं काढायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांचं मन ठरत नाहीये. परवा मी चिडलेच, तर शांतपणे म्हणाले, "मनं कव्हयच निवळनं. मी आठेच ऱ्हासू. तुनंच अजून गढूळ शे." त्यांचं केव्हाच निवळलं होतं, तिथेच राहायचं ठरलं होतं; अजून गढूळ होतं ते माझंच.

खरं सांगते, आधी राग आला. मग रडूच कोसळलं. ते इथे नाहीत याहून मी तिथे नाही, हे मला जास्त सलत होतं. आणि रोज फोन करून ओगराळं बुडवत होते मीच.

तिथे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, गाव कधीतरी मनातून निघून जाईल, असं तुम्हालाही वाटलं होतं का? मला वाटलं होतं. ते जात नाही. तळाशी बसतं आणि वरचं पाणी पिता येतं. माझं घर आता असं आहे.

काल फोन केला आणि तो प्रश्न विचारलाच नाही. म्हटलं, "आबा, पाणी कसं येतंय?"

आबा एकदम खुलले. "आज गढूळ शे. तू येशी तवलोंग निवळी जाई." मी पोचेतोवर निवळेल म्हणे.

तिकीट काढलंय.