पाहुण्यांसाठी ठेवलेली रताळी

मुलांना खाऊ घालणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, पण मुलांना खाऊ चोरायला लावून पोसणारी बाई पृथ्वीच्या पाठीवर एकच, आणि ती नेमकी थोरली जाऊ म्हणून माझ्या वाट्याला आली. आम्ही नवरा-बायको रसायनीला कामाला. सकाळी डबे भरून निघायचं, ते अंधार पडताना पळसदरीला परतायचं. माझा धाकटा तेव्हा दुकानातल्या वेफर्सच्या पुड्यांवर जगत होता. हातापायांच्या नुसत्या काड्या. मी नाचणीचे लाडू वळले, मटकीला मोड आणले, पौष्टिक आहे रे म्हणून विनवलं. पोरगं तोंड फिरवायचं आणि मला रडू यायचं.

"पौष्टिक म्हनलंस की पोर पळतं गं," जाऊबाई म्हणाल्या. "आता तू गप बस."

गुरं आणि शेत सांभाळणाऱ्या ह्या बाईने खाऊसाठी कधी वेगळा वेळ काढला नाही. भाताच्या कुकरमध्येच वरच्या भांड्यात रताळी, नाहीतर डोंगरातून विकायला येणाऱ्या बायकांकडचे करांद्याचे कंद. चहा उकळेस्तोवर शेंगदाणे भाजून गुळात घोळलेले. सगळं फळीवरच्या डब्यात जायचं आणि मग अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी गर्जना व्हायची, "खबरदार हात लावशील तर! पावन्यांसाठी ठेवलंय!" एवढं बजावून त्या स्वतःच फळीखाली स्टूल सरकवत आणि परसात पाठमोऱ्या जाऊन बसत. झाकण वाजलं की गालात हसत. पाहुणे कधी आलेच नाहीत, डबा मात्र रोज रिकामा. धाकट्याचे गाल हळूहळू भरले. मी थक्क होऊन बघत राहिले.

एकदा आमच्या ह्यांनी चोर रंगेहाथ पकडला. चोरी वाईट असते हे समजावलं आणि डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. झालं! पोराने कितीतरी दिवस रताळ्याला बोट लावलं नाही. "भावजी, तुमी पोराला शानपन शिकवलंत नि उपाशी ठेवलंत!" जाऊबाई कडाडल्या. तेव्हापासून हे घरात शिरताना आधी ओटीवर मोठ्याने खोकतात.

धाकटा आता पुण्याला नोकरी करतो. परवा सुट्टीत आला, तर जाऊबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा रताळी बशीत मांडून त्याच्यापुढे ठेवली. "खा रं, दमून आलायस."

तो बशीकडे बघत राहिला. "मोठी आई, मी पावना झालो काय गं?"

जाऊबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी बशी उचलली, रताळी डब्यात घातली, डबा फळीवर ठेवला. "हात लावशील तर बघ," म्हणाल्या, पण आवाज पूर्वीसारखा चढला नाही. मग परसात जाऊन पाठमोऱ्या बसल्या, डोळ्यांना पदर लावून.

धाकट्याचा हात फळीला आता सहज पोचतो. तरी त्याने आधी स्टूल ओढलं, आणि मग झाकण वाजलं.