शिडीखालची गादी

शिडीखाली अंथरायच्या गादीतला कापूस मी विकून टाकला आणि तिच्यात कुटार भरलं, गुरांपुढं टाकायचा भुसा.

त्या वर्षांत अमरावतीच्या बाजारात कापसाला असा भाव चढला होता, की लोक अंगाखालच्या गाद्या उसवून विकत होते. मी तर कापसाचा दलाल. माझ्या घरात एक उशी मऊ राहिली नाही. तो जुना कापूस नव्या मालात मिसळून मी अकोल्याच्या एका व्यापाऱ्याच्या गळ्यात मारला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन कुटारावर, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या तुकड्यांवर झोपू लागलो.

पावसाळ्याआधी छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला एक नवरा-बायको आले. तो छपरावर चढायचा, ती खालून कवेलू द्यायची. मागं शिडीवरून पडून त्याचा एक पाय कायमचा वाकडा झाला होता. तेव्हापासून घरमालकानं शिडीखाली गादी घातल्याशिवाय बाई त्याला चढू देत नसे.

मी माझी झोपायची गादीच आणून घातली. तिनं ती पायानं दाबून पाहिली. "भाऊ, हे गादी कुरकुर करून राह्यली. कापूस कुठी गेला?"

नेमका तो अकोल्याचा व्यापारी माझ्या ओसरीवर पान लावत बसला होता. त्याचा हात थांबला.

"नवा कापूस आहे, वाजतो थोडा," मी म्हणालो. कापूस विकून पोट भरणाऱ्यानं बोलावं असं ते वाक्य नव्हतं.

"मंग तुमीच पडून दाखवा. आमच्या ह्यायचा एकच पाय धड उरला हाये."

थोडं चढून अलगद उडी टाकावी, एवढाच माझा बेत. पण बघणारा असला की मला चेव येतो. पार वळचणीपर्यंत गेलो, धोतराचा सोगा बांबूत अडकला, आणि उडी टाकायच्या आधीच मी खाली आलो. मनगट मोडलं. गादी फाटून कुटार अंगणभर झालं. पऱ्हाट्या कुठं कुठं रुतल्या ते सांगण्यासारखं नाही. व्यापाऱ्यानं माझ्या पाठीतली एक काडी उपटली, उलटसुलट करून पाहिली आणि नमुना म्हणून कनवटीला लावली.

बाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"हसतेस काहून?" मी विव्हळलो.

"हसू नाई तं काय करू? हे पडले असते तं आमची चूल पेटली नसती. तुमी पडले, कोनाचंच काई अडलं नाई."