गंगव्वांना संमेलनाचं बोलावणं

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात आम्ही अंधश्रद्धेविरुद्ध छोटंसं संमेलन भरवणार होतो. वक्ते निवडायचं काम माझ्याकडे होतं. विद्वान मिळत होते, पण त्यांच्या भाषणात लोक पेंगायचे. तेवढ्यात गडहिंग्लजजवळच्या गंगव्वांबद्दल कळलं. मुलाला साप चावला, घरच्यांनी मांत्रिकावर भरवसा ठेवला आणि मुलगा गेला. तेव्हापासून गावात कुणाला साप चावला, की बाई स्वतः गाडी जुंपायला लावून त्याला दवाखान्यात नेत. मी एसटी पकडली.

कागल, निपाणी मागं टाकून गाडी संकेश्वरला थांबली. मिरच्यांच्या ढिगांमुळं अख्खी गाडी शिंकत होती. तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर खिडकीत रुमाल घेऊन बसा, आणि गडहिंग्लजच्या बाजारात शेंगा घ्यायला विसरू नका. तिथून पुढं उसातली पायवाट होती.

"बसा पावणं, आधी भाकरी खावा," गंगव्वा म्हणाल्या. अंगणात एक पिकल्या मिशांचे गृहस्थ दोरी वळत होते.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. "अक्का, त्या भोंदूचं नाव स्टेजवरून सांगा. लोक पेटून उठतील."

"भोंदू?" त्यांनी अंगणाकडं मान वळवली. "त्यो काय बसलाय. माझा दीर हाय. पोराला मांडीवर घिऊन मंतर म्हणत हुता. पोरगं गेल्यावर माझ्या आधी त्योच रडला."

मी अंगणाकडं पाहिलं. दीर दोरी वळतच होते.

"येतो की मी," त्याच म्हणाल्या. "पर त्येला कुणी शिवी द्यायची न्हाय."

मी शब्द दिला. परतल्यावर ही अट सांगितली, तर कार्यकर्ते चिडले. "मग भाषणाला धार काय राहिली?" मी अडून बसलो, तेव्हा कुठं नाव पक्कं झालं.

संमेलनाच्या दिवशी शाहूपुरीतल्या सभागृहात गंगव्वा आल्या, सोबत दीरही. घडलं तसं त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता. मागून कुणीतरी ओरडलं, "त्या मांत्रिकाचं नाव सांगा!"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून दीर उठले. टोपी हातात घेतली. "मीच त्यो."

मी शब्द दिला होता, पण आता कोण काय बोलेल याची मला खात्री नव्हती.

"बसा भावजी," गंगव्वा म्हणाल्या, आणि पुढं बोलू लागल्या.

दोघांना एसटीत बसवून घरी आलो. बायकोनं विचारलं, "भाषणं रंगली का?" मी उंबऱ्यावरच बसून राहिलो. आपल्या माणसाची चूक चारचौघांत सांगायची, आणि तरी त्याची साथ सोडायची नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं होतं. मला ते अजून जमलेलं नाही.