मक्यावरचे तांबडे ठिपके

बन्सीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उजाडायच्या आत तो लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, असायचा. आप्पासाहेब आडत्यांच्या ओट्याखाली चपला काढायच्या आणि वर चढायचं. धान्यावर चप्पल न्यायची नाही, हा तिथला रिवाज. ओट्यावर मका वाळत पसरलेला. त्यातून पाय ओढत तासं पाडायची, खालचा दाणा वर आणायचा, मग आडवं फिरायचं. एकतीस वर्षं त्यानं हे काम केलं आणि कधी अर्धवट सोडलं नाही.

दाणा ओला का वाळला, हे त्याला पायाच्या तळव्यानं कळायचं. ओलावा मोजायचं यंत्र आलं, तरी आप्पासाहेब आधी त्याच्याकडं बघायचे. "बन्सी, भरायचा का?" त्यानं मान हलवली की पोती उघडायची.

साखरेचा आजार लागून त्याला सात वर्षं झाली होती. गोळ्या आठवतील तेव्हा. अलीकडं तळव्यांना घाम येईना. कातडी खडखडीत झाली, टाचांना बोट जाईल अशा भेगा पडल्या, पण दुखत नव्हतं. ऑक्टोबरच्या दुपारी ओटा तव्यासारखा तापायचा. बाकीचे मजूर सावलीला पळायचे, बन्सी तासं पाडत राहायचा.

"पाय हायेत का खुरं?" कोणी म्हणायचं.

"कमावलेले पाय हायेत," तो म्हणायचा.

एक गोष्ट मात्र त्यानं कोणाला सांगितली नव्हती. वर्षभर तळवा त्याला काहीच सांगत नव्हता. तो दाण्याचा रंग बघून मान हलवत होता.

त्याच्यासोबत काम करणारी दगडाबाई एकदा पायाला फडकं गुंडाळून आली. "टाच फाटलीय भाऊ. दाणा टोचतो."

"चिंध्या बांधून धान्यावर चढायचं नाय. टोचतंय तर घरी बसा."

तिचा रोज बुडाला.

पंधरा दिवसांनी ओट्यावर पिवळ्या मक्यात तांबडे ठिपके दिसले. बन्सी कडाडला, "कोणाचा पाय फुटला? मालाची नासाडी! दगडाबाई, तुमचाच असंल."

दगडाबाईनं एकेक पाय उचलून दोन्ही कोरडे तळवे दाखवले. मग हलकेच म्हणाली, "भाऊ, रक्त तुमच्या मागं चाललंय."

त्यानं पाय उचलला. टाचेत ट्रकच्या फळीचा खिळा होता, डोक्यापर्यंत रुतलेला. कधी घुसला, हे त्याला सांगता येईना. सगळे बघत होते.

शहरातल्या दवाखान्यात आमरीन सिस्टरनं जखम धुतली. मग नायलॉनचा बारीक दोरा काढला. "काका, डोळे मिटा. दोरा लागला की हं म्हणा."

बन्सी डोळे मिटून वाट बघत बसला. "करा की सुरू."

"झालं काका. दोन्ही पायांना दहा दहा ठिकाणी टेकवला." ती चिडली नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं. "साखरेनं पायाच्या नसा मेल्यात. घाम येत नाही म्हणून कातडी चिरते. पाय पक्का नाही झालेला, बहिरा झालाय. आता रोज संध्याकाळी तळवा आरशात बघायचा. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा."

दीड महिन्यानं जखम भरली. बन्सी मोंढ्यात गेला तेव्हा मका पसरलेला होता. पायात चपला होत्या, म्हणून तो ओट्याखालीच थांबला.

"आलास! बन्सी, भरायचा का रे?" आप्पासाहेबांनी सवयीनं विचारलं.

मान हलवणं सोपं होतं. दगडाबाई मक्यात उभी राहून त्याच्याकडं बघत होती.

"दगडाबाईला विचारा मालक," तो खाली बघत म्हणाला. "मला वर्षभर कळत नाय. मी नुसतीच मान हलवत होतो."

आप्पासाहेबांनी दगडाबाईकडं बघितलं. दगडाबाईनं मक्यात तळपाय फिरवला. "खालून ओला हाय. अजून एक ऊन लागंल. भाऊ, तुम्ही बसा सावलीला."

तो बसला. मांडी घातली तेव्हा चपला दिसल्या. काळ्या, मऊ तळाच्या, मागं पट्टा असलेल्या, पायाचं माप देऊन बनवलेल्या. त्याची ओट्यावरची शेवटची मजुरी त्यांच्यात गेली होती.